गड्डा न धरणारा कोबी

आज सकाळी एसी बंद केला.

दोहात ऋतू बदलल्याची ही एवढी एकच खूण. पानं गळत नाहीत, आभाळ भरून येत नाही. नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी हात सवयीने रिमोटकडे जातो आणि मन म्हणतं, नको. एप्रिलपासून अखंड चाललेली घरघर थांबते, आणि मग कळतं की या घराला स्वतःचेही आवाज आहेत. फ्रिज कण्हतो. खालच्या मजल्यावर नजमाभाभींचा मिक्सर वाटणाशी झगडत असतो. आमच्या मुंतझा भागातल्या गल्लीत कोणीतरी मल्याळममध्ये कोणाला तरी गाडी मागे घ्यायला सांगत असतं. खिडकी उघडली की समुद्राकडून ओलसर, खारट, जेमतेम गार वारा आत येतो. नाशिकच्या माणसाने याला थंडी म्हणू नये. पण मी म्हणते. इथले अठ्ठावीस उन्हाळे काढल्यावर थंडी कशाला म्हणायचं हे ठरवण्याचा अधिकार माझा आहे.

इथे आलेला प्रत्येक मराठी माणूस पहिल्याच आठवड्यात वाळूतून तेल काढण्याचा विनोद करतो. माझ्या यजमानांनी, विलासनी, तो विमानतळावरच केला होता. (लिहिताना नाव घेते, बोलताना अजून ‘अहो’च आहे.) तो विनोद मी पुन्हा करणार नाही. मी इथे भाजी काढली, तिच्याबद्दल लिहिते.

भाजीचं नाव केल. कोबीच्याच घराण्यातली, फक्त गड्डा न धरणारी. कोबी पानं आवरून, मिटून बसतो. हिची पानं सुटी, कडेला झालरीसारखी मुरडलेली, आणि दांडा आपला वर वर जात राहतो. खालची पानं आपण काढायची, वरची तिची. अशी ती महिनोन्महिने देत राहते. हे सगळं मला आता माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी मी ती फक्त सुपरमार्केटात, आमटीच्या आठवड्याभराच्या डाळीहून महाग अशी, बघून पुढे गेले होते.

बी पाठवलं सईने, माझ्या मुलीने. सई जन्मली दोहात, वाढली दोहात, कॉलेजला पुण्यात गेली आणि आता आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात नोकरी करते. गेल्या वर्षी ऐन ऑगस्टात तिचं पार्सल आलं. त्यात चॉकलेटं होती, लोकरीचे मोजे होते (दोहात, ऑगस्टात!), आणि तिच्या घरमालकीणबाईंनी दिलेलं केलच्या बियांचं पाकीट होतं. पाकिटाच्या मागे छापलेलं होतं की ही भाजी थंड, सागरी हवामानात उत्तम येते. मी फोन केला आणि म्हटलं, लावते हं.

“आई, डोन्ट बॉदर,” सई म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. “इट नीड्स अ कूल मॅरिटाइम क्लायमेट. इथे भिंतीच्या मागे समुद्र आहे, रोज पाऊस आहे. इट जस्ट ग्रोज.”

“समुद्र आम्हालाही आहे. तीन बाजूंनी आहे.”

“अँड कूल?”

“एसी आहे.”

ती हसली. मग हसता हसता थांबली आणि तिच्या मनात बहुधा बरेच दिवस असलेलं बोलली. “नथिंग टेक्स रूट देअर, आई. आय वॉज बॉर्न देअर, अँड ईव्हन आय डिडन्ट. दॅट वॉजन्ट अ होम, इट वॉज अ वेटिंग रूम.” आणि शेवटचं वाक्य मराठीत टाकलं. सई क्वचित मराठी बोलते, पण बोलते ते नेमकं लागतं. “आपलं अर्धं घर तर खोक्यांत होतं.”

खोक्यांचं खरं आहे. आखातातल्या प्रत्येक मराठी घरात एक ‘परत गेल्यावर’चं कपाट असतं. त्यात खोकं न फोडलेला मिक्सर असतो, पलंगाखाली डिनर सेट असतो, गावाकडच्या घराच्या न्हाणीघरासाठी घेतलेले चकचकीत नळ असतात. नजमाभाभींकडे रत्नागिरीच्या हॉलसाठीचं एक झुंबर आहे. त्याच्या खोक्यावर बसून त्यांची मुलं अभ्यास करून मोठी झाली. आमच्या कपाटात एक जांभळी इरकल आहे, लाल काठाची. सई दुडूदुडू चालायला लागली त्या वर्षी सुट्टीत घेतलेली. नाशिकच्या फ्लॅटमध्ये कायमचे राहायला गेलो की वास्तुशांतीला नेसायची, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांसकट, कोरीच्या कोरी. फ्लॅट होऊन कितीतरी वर्षं झाली. वास्तुशांत राहिली आहे.

तर खोकी होती. म्हणून घर नव्हतं? मला राग आला. वाईट नंतर वाटलं, आधी राग आला. याच हॉलमध्ये ती पहिलं पाऊल टाकताना टीपॉयवर आपटली, त्याचा व्रण तिच्या भुवईत आहे. याच ओट्यावर मी तिच्यासाठी डिंकाच्या लाडवांपासून वाढदिवसाच्या केकपर्यंत सगळं केलं. इथे दर वर्षी गणपती बसला, आणि समोरच्या बिल्डिंगमधला मिसरी, म्हणजे इजिप्तचा, शेजारी मोदकाची वाट बघायला लागला. वेटिंग रूममध्ये कोणी बाळंतपण करतं का? करत नाही. गाडी आली की उठून जातात.

पण हे मी तिला फोनवर म्हटलं नाही. मी मनाशी ठरवलं की ही भाजी इथेच रुजवायची आणि सई जानेवारीत येईल तेव्हा तिच्या पानात वाढायची. वाद नाही घालायचा. नुसती वाढायची.

केलचं बी म्हणजे हुबेहूब मोहरी. चुकून फोडणीत पडलं असतं तर तडतडलं असतं. सप्टेंबरात बाहेर भट्टी पेटलेली असताना मी ते हॉलमध्ये, चपलांच्या कपाटावर, एसीच्या बरोबर खाली रुजत घातलं. पाणीही एसीचंच. त्याच्या नळीतून दिवसभर थेंब थेंब पाणी पडतं. गार, गोडं, मीठ नसलेलं. टाकीच्या पाण्याने त्या महिन्यात अंडं उकडलं असतं. बादली भरली की विलास ओरडायचे, “अगं, तुझा आयर्लंडचा पाऊस भरला बघ.” मी म्हणायचे, हसा. आठवड्याच्या आत चपलांवर हिरव्या टिकल्या उभ्या राहिल्या.

उष्मा उतरल्यावर रोपं गच्चीवर नेली. आमची बिल्डिंग जुनी, तीन मजल्यांची. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, डिश आणि कोणाची तरी मोडकी सायकल. टाक्यांच्या उत्तरेला बराच वेळ सावली असते, ती मी शोधून काढली. शहराबाहेर उम्म सलालच्या रोपवाटिकेतून मातीची पोती आणली, मासळीवाल्याकडून थर्माकोलची रिकामी खोकी. नजमाभाभी वाळवण घालायला वर आल्या होत्या, त्या कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

“अगो, मासळीच्या खोक्यात ही तुझी बामणी भाजी लावतंस?”

“बाटली तर बाटली. जगली पाहिजे.”

“जगेल गो,” त्या म्हणाल्या. “मासळीच्या वासाला माझा अळू कसा तरारतो ते बघितलंस ना?” आणि वाळवण सोडून खोक्यांना भोकं पाडायला बसल्या.

त्या हिवाळ्यातल्या सकाळी मला आता एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. चहाचा कप घेऊन वर जायचं. जानेवारी जवळ आला की दोहात धुकं उतरतं. पलीकडचे उंच टॉवर कमरेपासून वर नाहीसे होतात, आणि केलच्या मुरडलेल्या पानांत पाण्याचे थेंब धरून राहतात. मी एकदा पान चाटून पाहिलं होतं. खारट लागलं. सागरी हवामान पाहिजे होतं ना तुला, मी तिला म्हटलं, घे. मग शमाल सुटायचा. शमाल म्हणजे उत्तरेचा वारा, येताना धूळ घेऊनच येतो. दुपारचं ऊनही टाकीला वळसा घालून यायचं. दोन्हीसाठी मी माझी एक विटकी सुती साडी कपड्यांच्या दोरीवर ताणून बांधली. अळ्या आल्या त्या हातांनी वेचल्या. कोणी विचारलं तर सांगायचे की हा एक छंद आहे. छंद कसला, भांडण होतं ते.

डिसेंबरअखेर पानं हातभर झाली. काळपट हिरवी, राकट, माझ्याकडे बघून हसल्यासारखी. मी एकही तोडलं नाही. पहिलं पान सईच्या ताटात.

सई यायची होती भोगीच्या दिवशी. हा योग मी जुळवला नव्हता, तिकीट त्या दिवसाचं स्वस्त होतं. पण मला भलताच आनंद झाला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, हिवाळ्यात जे जे म्हणून शेतात आलं ते सगळं एका भांड्यात घालायचं: हरभरा, वाल, गाजर, वांगं, वरून तीळ. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असं म्हणतात. इतकी वर्षं आमच्या भोगीची भाजी विमानाने आली. ह्या वर्षी त्यात आमच्या गच्चीवरचं काही पडणार होतं, आणि उरलेल्या पानांच्या, अळूच्या करतो तशा, वड्या.

सकाळी मी बाजरीच्या भाकरीचं पीठ चाळत होते. विलास विमानतळावर जायला तयार होऊन वर गच्चीवर जाऊन आले. आले ते दोन्ही हात मागे लपवून. चेहरा असा की जणू लॉटरी लागली आहे.

“ओळख.”

“अहो, हात पिठाचे आहेत, सांगा.”

त्यांनी हात पुढे केले. हातात जुड्या होत्या. माझ्या केलच्या, मुळांसकट. सगळी रोपं उपटून, नळाखाली मुळं स्वच्छ धुऊन, सुतळीने बांधलेल्या टुमदार जुड्या. नाशिकच्या बाजारात मेथीच्या असतात तशा.



“मुळासकट असली की जुडी ताजी राहते,” विलास म्हणाले. “आमच्या आईची शिकवण. तुझं आज एक काम कमी केलं.”

“अहो, ती मेथी नव्हती! झाड होतं ते. एकेक पान काढायचं, एप्रिलपर्यंत देत राहणारं झाड!”

“पालेभाजी आहे ना? मग?” हातातल्या जुड्यांवरून माझ्या चेहऱ्याकडे, माझ्या चेहऱ्यावरून जुड्यांकडे, असं त्यांचं बघणं झालं. मग आवाज एकदम खाली आला. “म्हणजे खलास झालं का सगळं?”

त्या माणसाचा दोष तरी काय. आपल्याकडे पालेभाजी म्हणजे जुडी; जमिनीतून निघाल्याशिवाय ती भाजीच होत नाही. जन्मभर त्यांनी ताजी मुळं बघून जुडी पारखली, त्यावर कौतुक मिळवलं. पण मला त्या क्षणी एवढंच दिसत होतं की दोन तासांत सई दारात उभी राहणार, आणि मी तिला काय वाढून सांगणार? बघ, इथे रुजलं होतं? उपटलेलं ताटात घालून रुजल्याचा पुरावा द्यायचा?

“खलास काही झालेलं नाही,” मी म्हटलं. “तुम्ही विमानतळावर जा.”

ते गेले. मी सुतळ्या सोडल्या. मोठी पानं सगळी काढून घेतली, कारण एवढी पानं पोसायला मुळांना आता ताकद नव्हती. शेंड्याची इवली इवली तेवढी ठेवली. ते बोडके दांडे एसीच्या साठवलेल्या पाण्याच्या बादलीत उभे केले. मग डोळे पुसले आणि वड्या थापायला घेतल्या.

सई जेवायला बसली. भोगीची भाजी घेतली, वड्या घेतल्या. मग म्हणाली, “इज धिस केल?”

“हो. वरची.”

“वरची म्हणजे?” ती चावत राहिली. विलास ताटात बघत होते. “तिकडची जरा गोड असते,” ती म्हणाली. “दंव पडतं ना. फ्रॉस्ट.”

“असेल.”

पण वड्या तिने परत मागून घेतल्या. मग हात धुवायला गेली आणि मोरीजवळची बादली तिला दिसली. मी सगळं सांगितलं. आधी ती खूप हसली, बापाच्या पाठीवर थाप मारून हसली. आणि मग माझं तोंड पाहून थांबली.

दुपारी उन्हं कलल्यावर आम्ही दोघी वर गेलो. पुन्हा खड्डे केले, पुन्हा दांडे उभे केले, माती दाबली. सईची नखं मातीने भरली. ती म्हणाली, “दे वोन्ट मेक इट, आई. यू कान्ट पुल समथिंग आउट अँड जस्ट पुट इट बॅक.”

तेव्हा मात्र मी बोलले. इतके महिने पोटात ठेवलेलं बोलले. “का नाही? मला नाशिकमधून उपटून इथे लावलं. तुला इथून उपटून पुण्याला, पुण्याहून तिकडे. कोमेजलीस ना? फोनवर रडायचीस. मेलीस का?”

 दोरीवरची साडी एका बाजूने सुटली होती, ती सईने उठून पुन्हा बांधली.

आठ दिवस ती राहिली आणि आठही दिवस ते दांडे माना टाकून होते. ती रोज वर जाऊन बघायची आणि खाली येऊन चहा घ्यायची. जायच्या दिवशीही तेच. माझ्याकडे तिला दाखवायला एकही पान नव्हतं. विमानतळावर मी तिला तिळगूळ दिला, गोड बोल म्हटलं, आणि सरळ परत फिरले.

ती गेल्यावर काही दिवसांनी शेंड्याला नवं पान फुटलं. मग दुसऱ्या दांड्याला. काही मेले; बरेच जगले. मार्चात आम्ही त्यांची पीठ पेरून भाजी खाल्ली, नजमाभाभींनी सुकटीत घालून खाल्ली. मी सईला फोटो पाठवला नाही. तिने विचारायला हवं होतं. तिने विचारलं नाही, आणि मी पाठवला नाही. हट्ट तिने कोणाकडून घेतला ते बिल्डिंगभर माहीत आहे.

उन्हाळ्याने बाकीची नेली. एक दांडा मी मे महिन्यात खाली आणला आणि हॉलच्या खिडकीत, एसीच्या झोतात ठेवला. विलास येता-जाता विचारायचे, हिला शाल देऊ का, हिचं तिकीट काढू का. पण सुट्टीत आम्ही नाशिकला गेलो तेव्हा नजमाभाभींकडे किल्ली देऊन एसी चालू ठेवायला त्यांनीच सांगितलं. लोक मांजरासाठी करतात, आम्ही कोबीसाठी केलं. ती उंच झाली, वाकडी झाली, प्रकाशाकडे मान काढून एका बाजूला कलली. जगली मात्र.

येत्या उन्हाळ्यात विलास निवृत्त होतील. इथे नोकरी संपली की राहण्याचा परवाना संपतो; अठ्ठावीस वर्षं असोत की अठ्ठावीस दिवस. तेव्हा या सप्टेंबरात मी पुन्हा चपलांवर बी घातलं तर जो तो म्हणाला, आता कशाला? आता आवराआवर करा, यल्ला, चला, खोकी भरा. मी म्हटलं, खोकी भरलेलीच आहेत. मला मोकळी खोकी हवी आहेत, मासळीची.

आणि काल फोन आला. सईचा.

“आई,” तिने सरळ मराठीत सुरुवात केली, म्हणून मी आधी घाबरलेच. “इकडे वादळ झालं. घरामागची सगळी केल आडवी झाली, मुळं वर आलीत. परत लावली तर जगेल ना? आपली जगली होती?”

जवळजवळ वर्षाने विचारलं. मी खिडकीकडे पाहिलं.

“जगली. एक अजून हॉलमध्ये उभी आहे.”

फोनवर वारा ऐकू येत होता. तिकडचा, खरा थंड, खरा सागरी. मग ती म्हणाली, “सांग काय करू.”

“मोठी पानं काढून टाक, जीव जातो त्यांच्यात. मुळं ओली ठेव. संध्याकाळी लाव. आणि उद्या उपटून बघू नकोस रुजली का.”

“आणि साडी? इकडे ऊन नाही, पण वारा फार आहे.”

“पाठवते,” मी म्हटलं. तिकडे कापड मिळत नाही असं नाही. पण तिने मागितली होती ती तीच साडी.

म्हणून आज सकाळी एसी बंद केला आणि गच्चीवर जाऊन विटकी साडी सोडली, धुतली, पार्सलला बाजूला ठेवली. हॉलमधली वाकडी केल विलासनी कडेवर घेऊन वर आणली, नवी रोपं तिच्याभोवती लावली. सावलीला काहीतरी हवं होतं. मी खाली आले, ‘परत गेल्यावर’चं कपाट उघडलं आणि जांभळी इरकल काढली. पिशवी फाडताना डांबराच्या गोळ्या घरभर घरंगळल्या.

“अगं, वास्तुशांतीची!” विलास म्हणाले.

“तीच करते आहे. तुम्ही ते टोक धरा.”

त्यांनी टोक धरलं. नजमाभाभी वाळवणाचं ताट घेऊन जिन्यातच थबकल्या. “अगो, कोरी साडी? धुळीत? नाशकाला जाऊन काय नेसशील?”

“तिकडे दुकानं आहेत, भाभी.”

 त्यांनी ताट खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “थांब, झुंबराच्या खोक्याची दोरी आणते. मजबूत आहे.”

आता दुपार झाली आहे आणि मी टाकीला टेकून हे लिहिते आहे. रोपांवर जांभळी सावली पडली आहे. इरकलीवर घड्यांच्या रेषा अजून तशाच कडक दिसतात. इतक्या वर्षांच्या घड्या आहेत, एका दिवसात जाणार नाहीत. पण वारा आत्ता कुठे सुटला आहे, आणि आमच्याकडे अख्खा हिवाळा आहे.